रेटा कुणाचा?

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. वैद्यकीय जगात या नियतकालिकाचा शब्द वजनदार मानला जातो. विषय होता गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. अभ्यासात सामील झालेल्या बाया होत्या आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ जणी.

अभ्यासाची आखणी साधी, काम मात्र अफाट. गावांचे ५२ गट पाडले गेले. काही गटांतल्या बायांची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी झाली, काहींची पॅप, म्हणजे पेशींची, तपासणी झाली. काहींच्या गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली. उरलेल्या गटांत वेगळी तपासणी केली नाही. तिथल्या बाया नेहमीच्या आरोग्यसेवेवरच राहिल्या. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९मध्ये हे काम हाती घेतलं. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. बार्शीच्या मंडळींना हा मुलूख नवा नव्हता. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कर्करुग्णांची गावोगावची नोंद तिथे १९८७पासून ठेवली जात होती. ग्रामीण भागासाठीची देशातली अशी ती पहिलीच नोंद.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निकाल हाती आला. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८पैकी ६४ जणी गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि आम्लाच्या तपासणीने मृत्यूंमध्ये अशी ठळक घट या जिल्ह्यात दिसली नाही. एका गटाला तपासणीविना ठेवणं न्याय्य होतं का, हा प्रश्न पुढे परदेशातही आणि भारतातही उपस्थित झाला. तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणींच्या मरणातून जगाला उत्तर मिळालं, आणि हे ऋण कुणी फेडल्याचं मला दिसत नाही.

ऋण म्हणतो ते याचसाठी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. २०३०पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५व्या आणि ४५व्या वर्षी अशा खात्रीच्या चाचणीने तपासणी व्हावी, हे उद्दिष्ट जगापुढे ठेवलं. त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत आपल्या जिल्ह्याचा पुरावा आहे. आपल्या देशात मात्र २०१६मध्ये केंद्राने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी निवडली. या निवडीला कारणं होती. ती स्वस्त आहे, प्रशिक्षित परिचारिका करू शकते, निकाल जागच्या जागी कळतो, आणि मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात तिने मृत्यू कमी केल्याचं दिसलं होतं. ते मान्य. पण निवडलेली तपासणी तरी बायांपर्यंत पोचली का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी या कर्करोगाची तपासणी झालेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के.

पुराव्याला पाय नसतात. तो उचलून मंत्रालयात, दिल्लीत, अर्थसंकल्पाच्या तक्त्यात नेऊन ठेवणारं कुणीतरी लागतं. आरोग्याचं धोरण कसं ठरतं, हे समजून घ्यायचं तर तो कोण नेतो हे आधी पाहायला हवं.

असे नेणारे ढोबळमानाने दोन जातींचे. एकांचा त्या निर्णयात पैसा किंवा व्यवसाय गुंतलेला असतो: औषध कंपन्या, वैद्यकीय उपकरणांचे उत्पादक, खासगी रुग्णालयं, विमा कंपन्या, तंबाखूवाले, डॉक्टरांच्या संघटना. आपण त्यांना लॉबी म्हणतो. दुसरे रुग्णांच्या, गरिबांच्या, बायांच्या वतीने बोलणारे कार्यकर्ते, संस्था, संघटना. पहिल्यांची ये-जा बारमाही असते. दिल्लीत त्यांची कार्यालयं असतात, मसुदा निघाला की त्यावरचं टिपण दोन दिवसांत तयार असतं. दुसरे बहुधा काही घडलं की जमतात आणि पांगतात. दोघांतला मोठा फरक माझ्या मते नीतीचा नाहीच, तो हजेरीचा आहे.

याच कर्करोगावरच्या लशीची गोष्ट पाहा. चाचणी गरीब बाईची, पाच वर्षांतून एकदा आणि तीही सरकारी उपकेंद्रात करायची, तर तिच्यात कुणाला मोठी बाजारपेठ दिसत नाही. लशीत दिसते. २००९मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. लस मर्क आणि ग्लॅक्सो या कंपन्यांनी फुकट दिली होती, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद सोबत होती. पुढे सात मुलींच्या मृत्यूची बातमी आली. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं चौकशीत आढळलं नाही. पण संमतीच्या कागदांची दशा मात्र उघडी पडली. आदिवासी वसतिगृहातल्या मुलींसाठी पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. ‘समा’सारख्या स्त्री-आरोग्य संघटनांनी हे धसाला लावलं. २०१०मध्ये प्रकल्प थांबला, आणि २०१३च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने ‘पाथ’वर आणि संशोधन परिषदेवर कडक ताशेरे ओढले.

या प्रकरणात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. ‘पाथ’ ही कंपनी नव्हे, नफा न कमावणारी संस्था आहे. म्हणजे स्वयंसेवी संस्थेची पाटी दिसली की ती जनतेच्या बाजूची, असं धरून चालता येत नाही. पैसा कुणाचा, निर्णयात कुणाचा फायदा, हे दोन्हीकडे विचारावं लागतं. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संमतीबद्दल कार्यकर्त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण त्या वादाची सावली लशीवर पुढची कित्येक वर्षं राहिली, आणि उशिराची किंमतही मुलींच्याच पदरात पडली. २०२२मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला मान्यता मिळाली, तेव्हा कुठे चित्र हललं. १ फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला उत्तेजन देण्याची घोषणा झाली. लशीचा उल्लेख थेट अर्थमंत्र्यांच्या भाषणात आला. आपल्या चाचणीच्या नशिबी तसं भाषण अजून आलेलं नाही.

डॉक्टरांच्या संघटनांचा रेटा आणखी वेगळ्या तऱ्हेचा असतो. इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ची, जिल्ह्या-जिल्ह्यात शाखा असलेली. तिच्या हातात असलेलं हत्यार औषध कंपन्यांकडेही नाही: दवाखाने बंद ठेवण्याचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१७च्या विधेयकात आयुष डॉक्टरांना छोटा अभ्यासक्रम करून काही ॲलोपॅथी औषधं देऊ देण्याची तरतूद होती. २ जानेवारी २०१८ रोजी संघटनेने देशभर दवाखाने बंद ठेवले. विधेयक स्थायी समितीकडे गेलं आणि ती तरतूद गळाली. राजस्थानात २०२३च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. आणीबाणीत आधी पैसे न मागता उपचार करावेत, ही त्यातली कळीची गोष्ट. तिथे जन स्वास्थ्य अभियान या संघटनांच्या मंचाने त्यासाठी अनेक वर्षं खटपट केली होती. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, आणि ४ एप्रिलच्या समझोत्यात ५० खाटांखालची खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर ठेवण्याचं ठरलं.

महाराष्ट्रात हीच ओढाताण संथपणे चालली आहे. केंद्राने २०१०मध्ये वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा केला. राज्याने तो स्वीकारला नाही. राज्याचा स्वतंत्र कायदा करू म्हणून मसुदे झाले, समित्या झाल्या. त्यांत डॉक्टर संघटना होत्या, जन आरोग्य अभियानाचे, म्हणजे त्याच मंचाच्या राज्यातल्या शाखेचे, प्रतिनिधीही होते. कायदा झाला नाही. आजही कारभार चालतो तो १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर. १४ जानेवारी २०२१ला या जुन्या कायद्याखाली नवे नियम आले, आणि रुग्ण हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तालुक्याच्या गावात दहा-पंधरा खाटांचं रुग्णालय चालवणारा डॉक्टर म्हणतो की पुण्या-मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले नियम मला परवडणार नाहीत. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते हसण्यावारी नेणार नाही. रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण त्याच्याच दारात जाते. पण त्या छोट्या डॉक्टरला पुढे करून मोठी रुग्णालयं नियमनापासून सुटतात, हेही तितकंच खरं, आणि हा धागा त्याच्या संघटनेने कधी तोडलेला दिसत नाही.

तंबाखूचं उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातूनच जातं. पुड्यांच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या ज्या समितीपुढे तो गेला, तिचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशी आहेत, भारतात तसा अभ्यास नाही, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं आणि नियम लांबणीवर टाकण्याची शिफारस झाली. याच समितीत स्वतः बिडीचा व्यवसाय असलेले अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते. दीड-दोन महिन्यांपूर्वीच, १६ फेब्रुवारीला, राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. अवघा महाराष्ट्र हळहळला होता. सरकारच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत स्वतःचा चेहरा दाखवणाऱ्या सुनीता तोमर यांनी गांधींच्या विधानावर पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि नियम लागू व्हायचा त्याच दिवशी, १ एप्रिलला, त्यांचा मृत्यू झाला. टाटा रुग्णालयाचे डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्याबरोबरचे लोक हटले नाहीत. रुग्णांनाच पुढे करून ते बोलत राहिले. वर्षभराने, १ एप्रिल २०१६पासून, ८५ टक्क्यांचा इशारा छापला जाऊ लागला. तोंडात तंबाखू धरणाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणाऱ्या आपल्या भागाला या एका वर्षाचा हिशेब कुणीतरी मांडून दाखवायला हवा.

अमेरिकेत १९९५पासूनचा कायदा असा की पैसे घेऊन कुणाच्या वतीने सरकारकडे शब्द टाकायचा, तर नोंदणी करावी लागते, कुणासाठी, कोणत्या विषयावर, किती पैशांत हे जाहीर करावं लागतं. तेवढ्याने तिथल्या औषध कंपन्यांचा जोर ओसरला असं नाही, पण नागरिकाला तो आकड्यांत पाहता तरी येतो. आपल्याकडे असा कायदा नाही. इथे सगळं शिष्टमंडळ, निवेदन, सदिच्छा भेट यांत चालतं. भेटीचा फोटो छापून येतो, मागणीचा कागद येत नाही.

एकट्या माणसाचा रेटाही चालतो, पण त्याला न्यायालयाची दारं ठोठावावी लागतात. बिरेंद्र सांगवान या वकिलाने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवरून दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, आणि फेब्रुवारी २०१७मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने त्यांची कमाल किंमत बांधली: साध्या स्टेंटची ७,२६० रुपये, औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये. त्याआधी औषधलेपित स्टेंटची छापील किंमत सरासरी लाखाच्या वर होती. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली, पण किमतींवरची मर्यादा काही उठली नाही.

आता मांजरा नदीकडे, ऊसतोड बायांकडे वळू, कारण त्यांचा विषय मला सगळ्यात जवळचा आहे. नदी ओलांडली की बीड. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशी, भूम, कळंब, केज, पाटोदा, या सगळ्या बालाघाटाच्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उचलीचे पैसे घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर वाहणं आणि गाडी भरणं चुकत नाही. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून बाई गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते, तेव्हा तिला सांगितलं जातं की गर्भपिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर बाई आणखी काय विचारणार? कर्ज काढून पिशवी काढली जाते, वय असतं तिशी-पस्तिशीचं. काही बाया स्वतःहूनही काढून घेतात, पाळीची कटकट आणि खाडा दोन्ही सुटावेत म्हणून. मग कंबर धरते, अंगात त्राण राहत नाही, अंडाशयही काढलं असेल तर हाडं वेळेआधी झिजतात, आणि फेडायला पुन्हा कोयता हातात घ्यावा लागतो.

यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट अशी. ज्या कर्करोगाची भीती घालून पिशव्या निघाल्या, त्याची शक्यता आधीच ओळखणारी चाचणी जीव वाचवते, याचा पुरावा जगाला याच मुलखाने दिला होता. चाचणीत विषाणू सापडला तर पुढची तपासणी करायची, पेशी बदललेल्या दिसल्या तर तेवढा भाग गोठवून किंवा काढून टाकायचा. पिशवी जागच्या जागी राहते.

२०१९च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांतून बीडच्या ऊसतोड बायांची ही गोष्ट देशभर गेली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना जाब विचारला. महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्या या बायांमध्ये काम करतच होत्या. त्यांच्याकडे गावं होती, अनुभव होते, बायांची नावं लपवून बोलण्याची रीत होती. जूनच्या पावसाळी अधिवेशनात नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत प्रश्न मांडला. आरोग्य खातं तेव्हा सांभाळणारे मंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहाला सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या. चौकशी समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण त्याआधीच्या राष्ट्रीय पाहणीत ३.२ टक्के होतं. वयोगट अगदी सारखे नसले तरी एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. समितीने तोडीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर बायांची आरोग्य तपासणी करण्याची शिफारस केली.

दुसरीकडून राजस्थानातल्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांची याचिका २०१३पासून सर्वोच्च न्यायालयात होती. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांबद्दलची. तिच्या रेट्याने केंद्राला २०२२मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली आणि देखरेखीसाठी राष्ट्रीय, राज्य व जिल्हा समित्यांची सोय झाली. ५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला.

हा सगळा प्रवास उलगडून पाहिला तर बातमी, संघटना, आयोग, सभागृह, समिती, न्यायालय अशी साखळी दिसते. यातली एकही कडी एकटी पुरी पडली नसती. बातमी आठ दिवसांत शिळी झाली असती. संघटनेच्या अहवालाला ‘नमुना लहान आहे’ म्हणून बाजूला सारता आलं असतं. मंत्र्याला सभागृहात आकडा द्यावा लागला आणि तो आकडा सरकारचाच असल्यामुळे मागे फिरायला जागा राहिली नाही. पाठपुराव्याचं खरं कसब हेच. सरकारकडून सरकारचाच आकडा वदवून घ्यायचा.

तरीही एक बोच राहते. परवानगीची सक्ती मांजरेच्या पलीकडे, बीडमध्ये आली. उसाला जाणाऱ्या बाया नदीच्या अलीकडेही आहेत, आणि रुग्ण काही जिल्ह्याची हद्द पाहून दवाखाना निवडत नाही.

आपल्या जिल्ह्याला अशा पाठपुराव्याचा अनुभवच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. एप्रिल २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा जन स्वास्थ्य अभियानातल्या लोकांच्या आग्रहातून त्यात लोकांनी सेवांवर देखरेख ठेवण्याची तरतूद आली. २००७मध्ये महाराष्ट्रात तिची सुरुवात झाली ती पाच जिल्ह्यांत: पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्याचं समन्वयाचं काम होतं. गावातल्या समितीने बसून नर्सबाई येतात का, औषधं मिळतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का, अशा प्रश्नांवर आपल्या उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगलं असेल तिथे हिरवा रंग, मध्यम पिवळा, वाईट लाल. मग प्राथमिक आरोग्य केंद्रावर, तालुक्याला, जिल्ह्याला जनसुनवाई. अधिकारी समोर बसलेले, आणि बाई उभी राहून सांगते की मला बाहेरची चिठ्ठी दिली. उत्तर तिथेच द्यावं लागतं. जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने त्याआधीपासून गावच्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं होतं. आरोग्याबद्दल चारचौघांत बोलणाऱ्या बाया इथे एका रात्रीत उगवल्या नव्हत्या.

या देखरेखीची अडचण तिच्या बांधणीतच होती. तिचा पैसा ज्या अभियानावर नजर ठेवायची त्या अभियानातूनच यायचा. लाल रंग जास्त भरला की पुढच्या वर्षीच्या मंजुरीची काळजी लागणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पण तिने एक गोष्ट दाखवून दिली. गाऱ्हाणं रंगांच्या तक्त्यात मांडलं की ते तालुका आरोग्य अधिकाऱ्याला वर पाठवता येतं; नुसत्या रागाचं तो काही करू शकत नाही.

संघटित झालेल्या गरीब बाया सरकारला हलवू शकतात, याचा दाखला आशाताईंनी दिला. २०२३-२४च्या हिवाळ्यात राज्यभरच्या आशांनी संप केला, आझाद मैदानावर ठाण मांडलं, आणि मार्च २०२४मध्ये राज्याने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली. त्या एकमेकींना ओळखत होत्या, यादी त्यांच्याकडे होती, आणि लसीकरणापासून बाळंतपणाच्या नोंदीपर्यंत सगळं त्यांच्यावाचून अडतं, हे सरकारला ठाऊक होतं.

ऊसतोड बाईला हे जमत नाही, त्याचं एक कारण मला दिनदर्शिकेत दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल ती गावात नसते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं. राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडला जातो. २६ जानेवारीची ग्रामसभा तिच्याविना होते. आरोग्य केंद्रात औषधं किती लागतील, तपासणीची शिबिरं किती घ्यायची, याचे आराखडे ज्या महिन्यांत वर सरकतात, त्यातले बरेच तिच्या फडावरचे महिने असतात. तिचं नाव मतदार यादीत इथे, तिचं दुखणं कराडच्या नाहीतर बेळगावच्या फडावर. २०१९मध्ये विषय सभागृहात आला तो जूनमध्ये, तोडणीच्या बाया घरी असताना. हा योगायोग असेल, पण तो उपयोगी पडला.

म्हणून मला १ मेची ग्रामसभा महत्त्वाची वाटते. टोळ्या तोवर परतलेल्या असतात. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथे झालेला ठराव ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. ठरावात मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. ३० वर्षांवरच्या बायांची गर्भाशयमुखाची तपासणी आपल्या उपकेंद्रात कोणत्या तारखांना होणार, ते लिहून द्यावं. तोडीला जाण्यापूर्वी सप्टेंबरात एक तारीख हवीच. जिल्ह्यात सरकारी आणि खासगी मिळून पिशव्या किती काढल्या, कोणत्या वयाच्या बायांच्या, हा आकडा जिल्ह्याच्या देखरेख समितीकडून मागवावा. एचपीव्ही चाचणीसाठी जिल्ह्याच्या पीआयपीत, म्हणजे आरोग्य अभियानाच्या आराखड्यात, तरतूद धरावी. आरोग्य खात्यात कुठलीही मागणी केली की पहिला प्रश्न येतो तो ‘पीआयपीत आहे का?’ म्हणून तो शब्द ठरावात असलेला बरा. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेला, एक आमदारांना द्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पावसाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारायचा तर आमदाराला हातात हाच कागद लागतो.